डाव्या दाराची दोरी

गाडी घेतली गडहिंग्लजच्या एका मास्तरांकडून.
बारा वर्षं वापरलेली, आत खडूचा वास,
की तो मीच धरून चालले होते
मास्तर म्हटल्यावर?

चावी देताना त्यांनी एकच विचारलं,
"डावीकडं कोण बसणार?"
म्हटलं, अजून ठरलं नाही.
म्हाताऱ्या माणसांचे प्रश्न असेच असतात, असं वाटलं.

लक्ष्मीपुरीत इलाहीभाई म्हणाले,
"सीट कव्हर, मॅटिंग, आर्मरेस्ट, सगळं साडेसहा हजार.
दोन तासांत नवरी करून देतो, ताई."
नवरी नको होती मला.
तीन मीटर एलईडी पट्टी घेतली आणि निघाले.
मागून त्यांचं हसू आलं दुकानाच्या पायरीपर्यंत.

मग रविवार.
सुभाषनगरात आमच्या बोळात गाडी उभी,
चारी दारं उघडी,
कळंब्याच्या काठावर पंख वाळवत बसलेल्या पाणकावळ्यासारखी.

ग्लास ठेवायला जागा नव्हती तिच्यात.
नळाच्या पाइपचा वीतभर तुकडा कापला,
आत जुन्या मोज्याचं अस्तर लावलं,
थर्मास अगदी मापात बसला
आणि सायबर चौकाच्या वळणावर उडी मारून बाहेर पडला.
मग दुसरा मोजा.

दोन सीटांच्या मधे प्लायवूडची पेटी,
वर सोफ्यातून काढलेला स्पंज.
बिजागरी उलटी बसली, झाकण पुढून मागे उघडायच्या ऐवजी
मागून पुढे उघडतं.
राहू दे. हाताला सवय होते.

आण्णा हे सगळं उंबऱ्यावर बसून बघत होते, गप्प.
स्टीअरिंगवर रेक्झीन ओढायला लागले तेव्हा मात्र उठले.
"काढ ते. हात घसरतोय त्येच्यावर."
आतून घेऊन आले शेळीचं कातडं,
बाभळीच्या सालीत रापलेलं,
मेण लावलेला दोरा, आणि त्यांची आरी,
जिच्या मुठीला त्यांच्या तळव्याचा खळगा पडलाय.

चाळीस वर्षं चपला शिवून
त्यांची बोटं आता पुरती उघडत नाहीत.
म्हणून ते सांगत गेले, मी शिवत गेले.
"दोन भोकांत जवभर जागा. वढ.
आणि वढ. चामडं रडत न्हाई."
तीनशे बारा टाके पडले.
त्यातले काही माझ्या अंगठ्यात.

दिवस कलला. पट्टी आतून फिरवायची
म्हणून डाव्या दाराचं पॅनल सोडवलं,
तर दाराच्या कप्प्यात, बिलं आणि बडीशेपेच्या पुड्यांच्या खाली,
एक दोरी.
आतल्या खटक्याला बांधलेली, सुती, दुहेरी पिळाची,
आणि टोकाला लाकूड:
डस्टरची पाठ, करवतीनं अर्धी केलेली,
कडा घासून घासून साबणासारख्या मऊ.
मुठीत धरायची. बोटांचं काम नाही.

कात्री माझ्या हातातच होती.
जुनं सगळं काढून टाकायचं ठरलं होतं.

मी दोरी परत कप्प्यात ठेवली,
मग बाहेर काढली, लोंबती ठेवली,
आणि पॅनलचे सहा स्क्रू आवळले.
सातवा सापडला नाही.

"बस की," म्हटलं, "एक फेरी मारू. शिवण बघायला नको?"
आण्णा पांढरा शर्ट घालून आले.
तलावापर्यंत जाऊन आलो, त्यांनी सगळा वेळ
माझ्या हातांकडे पाहिलं, म्हणजे टाक्यांकडे,
आणि उभ्या टाक्याला एक शिवी दिली.

घरासमोर इंजिन बंद केलं.
नेहमीसारखी मी उतरले,
गाडीला वळसा घालून त्यांचं दार उघडायला.
बॉनेटपाशी पोचले तेवढ्यात
खटका वाजला.

आण्णा बाहेर. शर्ट झटकला,
घरात गेले, चपला जोडीनं ठेवून.
मला काही म्हणाले नाहीत. मी काही विचारलं नाही.

पट्टीची वायर मात्र कुठंतरी चुकलीय.
इतर दारांना दाद देत नाही,
फक्त डावं दार उघडलं की लागते.
दुरुस्त करायची आहे.
बघू, पुढच्या रविवारी.